मुंबईच्या बाल्कनीतल्या ऑलिव्हला फळ का धरत नाही? आणि तापमान वाढलं की ऑलिव्हची फळमाशी वाढते का?

पहिल्याचं उत्तर सोपं: थंडी नाही. ऑलिव्हला मोहोर यायला हिवाळ्यात काही आठवडे सलग गारवा लागतो, साधारण १० अंशांच्या आसपास. आपल्याकडे जानेवारीत पारा १५ वर आला तरी लोक स्वेटर काढतात! माझ्या बोरिवलीच्या गॅलरीत चार वर्षं एक रोप आहे. पानं छान, वरून हिरवीगार, खालून चंदेरी. फूल एकही नाही. त्यात जून ते सप्टेंबर कुंडी ओलीचिंब, आणि या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. राजस्थानात लागवड झाली ती कोरड्या हवेच्या आणि थंड रात्रींच्या जोरावर.

माशीचं गणित मात्र उलटसुलट आहे. ही आपल्या आंब्याच्या फळमाशीची चुलत बहीण, पण आंबा-पेरू काही नको, फक्त ऑलिव्ह. मादी हिरव्या फळाला टोचून अंडं घालते, अळी आतला गर खाते, आणि अशा फळांच्या तेलाची आम्लता वाढते. हिवाळा सौम्य गेला तर जास्त माश्या तगतात. पण उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर राहिला की मादी अंडी घालणं थांबवते, फळातल्या कोवळ्या अळ्याही मरतात. म्हणजे तापमानवाढीने भूमध्य समुद्राकाठच्या उष्ण भागात माशी कमी होऊ शकते, थंड डोंगराळ भागात वाढू शकते. इटलीत २०१४ साली सौम्य हिवाळा आणि गार, पावसाळी उन्हाळा एकापाठोपाठ आले, तेव्हा माशीने तेलाचं पीक अक्षरशः बुडवलं.

तुमच्या कुंडीला माशीची भीती नाही. फळच नाही, तर माशी करणार काय?