वाचकांचे प्रश्न : रात्रभर चालवूनही चित्र खरखरीत का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून पाथ ट्रेसर (प्रकाशकिरणांच्या वाटा शोधत चित्र काढणारा प्रोग्राम) लिहिला आणि एक चित्र आठ तास रेंडर केलं, म्हणजे संगणकाकडून काढून घेतलं. तरी सगळीकडे वाळू उडवल्यासारखे कण आहेत आणि मधूनमधून पांढरे लख्ख ठिपके. माझं कुठे चुकतंय, की संगणकच कमी पडतोय? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : कण दिसले म्हणजे प्रोग्राम चुकलाच, असं समजू नकोस. पाथ ट्रेसिंगमध्ये आपण पिक्सेलमधून किरण सोडतो. तो कशावर तरी आदळला की पुढे कोणत्या दिशेला जायचं हे जणू फासे टाकून ठरवतो. असं करत तो दिव्यापर्यंत पोचला तर त्याचा प्रकाश जमेस धरतो. अशा शेकडो किरणांची सरासरी म्हणजे त्या पिक्सेलचा रंग. एखाद्या बिंदूवरून किती प्रकाश निघतो हे सांगणारं, जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलेलं रेंडरिंगचं समीकरण आजही बहुतेक ठिकाणी याच रीतीने सोडवलं जातं. फासे आले की चढउतार आलेच. तेच तुला वाळूसारखे दिसताहेत.

आता खरी अडचण. हा चढउतार किरणांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. म्हणजे तो निम्मा करायचा तर किरण चौपट, तुझे आठ तास होतील ३२. दहावा हिस्सा करायचा तर शंभरपट. ते झाले ८०० तास, महिन्याहून जास्त! दुप्पट वेगाचा संगणक आणलास तरी फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल. या क्षेत्रात मी इतकी वर्षं रमलो ती याच वर्गमुळापायी. नुसते किरण वाढवून भागत नाही, ते कुठे पाठवायचे याचा विचार करावा लागतो.

पांढऱ्या ठिपक्यांना आम्ही ‘फायरफ्लाय’ म्हणतो. समज, पिक्सेलची खरी किंमत ०.५ च्या आसपास आहे. २५५ किरणांनी शून्य ते एकच्या मधली उत्तरं दिली आणि एकाला योगायोगाने छोटासा प्रखर दिवा सापडला. ती वाट सापडण्याची शक्यता अगदी कमी होती, आणि आपण त्या शक्यतेने भागतो, म्हणून त्याचं उत्तर आलं ५०००. सरासरी एकदम वीसच्या घरात! दहा हजार किरण झाले तरी त्या एकट्याचा वाटा अर्धा उरतोच. पुष्कळ जण अशी मोठी उत्तरं सरळ छाटून टाकतात. शिकत असताना तरी तू छाटू नयेस असं मला कळकळीने वाटतं. तो प्रकाश खरा असतो. छाटलास तर काचेच्या पेल्याखाली टेबलावर उमटणारी ती सुंदर तेजस्वी रेघ पहिली नाहीशी होईल.

त्याऐवजी किरण आदळला की प्रत्येक वेळी दिव्यावरचा एक बिंदू निवडून थेट तिकडे एक किरण पाठव. खडबडीत भिंत आणि छोटा दिवा असेल तिथे याने चित्र बघता बघता निवळतं. गुळगुळीत पत्रा आणि मोठा दिवा असेल तर मात्र पृष्ठभागाच्या स्वभावाप्रमाणे दिशा निवडणंच बरं. दोन्ही रीती योग्य वजनं देऊन एकत्र कशा करायच्या हे एरिक वीच आणि लिओनिडास गिबास यांनी १९९५ साली दाखवलं. तो निबंध मन लावून वाच. माझ्या मते या विषयात इतक्या थोड्या ओळींत इतका फायदा दुसरीकडे कुठे मिळत नाही. दिव्याभोवती काच असेल तर मात्र थेट किरणाची युक्ती लागू पडणार नाही, कारण तो किरण काचेवरच अडतो.

प्रश्न : माझ्या चित्रात सपाट जमिनीवर काळे ठिपके येतात. तिथे सावली पाडणारं काहीच नाही. (एक वाचक)

उत्तर : तुमची जमीन स्वतःवरच सावली पाडते आहे. माझ्या पहिल्या रे ट्रेसरमध्ये (किरण सोडून चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) हेच झालं होतं आणि मी तीन दिवस दिव्याची सूत्रं तपासत बसलो. शेवटी एका काळ्या पिक्सेलचे आकडे छापून पाहिले. जमिनीची उंची हवी होती शून्य, आणि किरण आदळल्याचा बिंदू निघाला शून्याच्या केसभर खाली. तिथून दिव्याकडे सोडलेला किरण लगेच त्याच जमिनीला धडकत होता. शेजारचा बिंदू केसभर वर होता म्हणून तो उजळ.

३२ बिटांच्या दशांश संख्येत जेमतेम सात आकडे भरवशाचे असतात, त्यातून हे होतं. नव्या किरणाची सुरुवात पृष्ठभागापासून लंब दिशेने किंचित उचला. किती, हे दृश्याच्या आकारमानावर ठरवा. ०.००१ ही ठरावीक किंमत टेबलाएवढ्या दृश्यात चालते, पण निर्देशांक दहा हजारांवर गेले की लगतच्या दोन संख्यांमधलंच अंतर तेवढं होतं. आणि फार उचललंत तर खुर्चीचे पाय जमिनीवर टेकलेलेच वाटत नाहीत.

प्रश्न : आता ग्राफिक्स कार्डच रे ट्रेसिंग करतं. मग संशोधनाला काय उरलं? (एक वाचक)

उत्तर : पुष्कळ. टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या निबंधातल्या ६४० बाय ४८० पिक्सेलच्या चित्राला ७४ मिनिटं लागली होती, आणि किरण कशावर आदळतो हे शोधण्यातच बहुतेक वेळ जात होता. २०१८ पासून घरगुती कार्डांवर नेमकं त्याच कामासाठी वेगळं हार्डवेअर आलं. पण सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात एका चित्राला १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पिक्सेलमागे एखाद-दुसराच किरण परवडतो. त्या मूठभर किरणांतून, आधीच्या चित्रांचा आधार घेत, स्वच्छ चित्र कसं उभं करायचं यावर माझे विद्यार्थी सध्या काम करताहेत.

पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनीला एक विनंती : थेट दिव्याकडे किरण पाठवून आणि न पाठवता, अशी दोन चित्रं काढ आणि मला पाठव. किरणांची संख्या सारखी ठेवू नकोस, वेळ सारखा ठेव. दहा-दहा मिनिटं पुरेत.