नुसतं ‘टक्’ होतं म्हणून अख्खा सेल्फ बदलावा का?

तुमची डिझेल गाडी, बॅटरी नवीन, तरी सकाळी चावी फिरवली की एकच ‘टक्’ होतं आणि तीन-चारदा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होते. सांगलीतला मेकॅनिक म्हणतो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) असेंब्लीच, म्हणजे अख्खा बदला. एवढ्यावरून बदलू नका. माझा पहिला संशय सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) कॉन्टॅक्टवर, दुसरा कार्बनवर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश). दोन्ही सुटे बदलता येतात.

‘टक्’ कुठून येतं ते आधी ऐका. फ्यूज बॉक्समधून येत असेल तर तो रिलेचा (सेल्फला सिग्नल देणारा छोटा स्विच) आवाज, सेल्फपर्यंत सिग्नल पोचतच नसेल. सलग ‘टकटकटक’ असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं.

आवाज सेल्फचाच असेल तर मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सोलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात: एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यावरून मोटरच्या आत जाणारी पट्टी किंवा वायर. लाल प्रोब या दुसऱ्या बोल्टवर, काळा सेल्फच्या बॉडीवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. ‘टक्’ झालं, पण मीटर शून्यावरच? मग केबलच्या बोल्टवर बघा. तिथे 12 च्या आसपास असेल तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. दुसऱ्या बोल्टवरही 12 येतात आणि मोटर फिरत नाही, तर कार्बन झिजलेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत. अशा वेळी सेल्फच्या बॉडीवर लाकडाने हलकं ठोकल्यावर फिरला, तर कार्बनच धरा.

केबल आणि अर्थही (बॅटरी मायनसची बॉडी-इंजिनला असलेली जोडणी) सोडू नका. सेल्फ फिरत असताना बॅटरी प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत 0.5 व्होल्टपेक्षा जास्त, किंवा बॅटरी मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत 0.3 पेक्षा जास्त व्होल्टेज वाटेत पडत असेल (मीटरचे प्रोब त्या दोन टोकांना लावून बघा), तर जोड साफ करा. इंजिनची अर्थ पट्टी आतून हिरवी झालेली असते, वरून चांगली दिसते. 2019 किंवा 2021 च्या पुरात गाडी पाण्यात होती का? सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, गाळ बसून कार्बन जाम होतात. तसं असेल तर खोलून साफ करणं आलंच.

सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, कारण जाड केबलवर कायम करंट असतो. कार्बन नव्याच्या निम्म्याहून कमी उरले असतील तर चारही बदला, एखाददुसरा नको. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक काचकागदाने घासा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण फटीत रुततात. बुशमध्ये (शाफ्टला आधार देणारी कडी) शाफ्ट हलत असेल तर बुशही नवे टाका, नाहीतर आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वायंडिंगचा भाग) घासेल आणि गरम इंजिनवर सेल्फ जड फिरेल. बेंडिक्स (इंजिनच्या दात्यांत अडकून ते फिरवणारा सेल्फचा गिअर) मात्र पेट्रोलमध्ये बुडवू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि काही दिवसांत मोटर नुसती ‘घुंईं’ करत फिरते, इंजिन हलत नाही. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करा आणि जुने कार्बन, कॉन्टॅक्ट समोर काढून दाखवायला सांगा.

असेंब्ली बदलण्याची वेळ आर्मेचर जळालं असेल तर येते. कम्युटेटरची पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मीटरने बीप दिलं, तर वायंडिंग बॉडीला लागलंय. रिंग गिअरचे (सेल्फ ज्याला फिरवतो ते इंजिनच्या फ्लायव्हीलवरचं दात्यांचं कडं) दात खाल्ले असतील तर नवा सेल्फही काही ठिकाणी खरखरेल, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

तोवर सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.