कारखान्यातलं ट्रेनिंग काउंटरवर आणताना

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. आठ नवीन माणसं, फोन आणि काउंटर दोन्हीकडे उभी करायची, हातात तीन आठवडे, आणि वर कुणीतरी तुला ऐकवलंय की कारखान्यातल्या पद्धती आपल्या गिऱ्हाइकांच्या धंद्यात चालत नाहीत कारण माणसं म्हणजे मशीन नव्हेत. हे वाक्य मीही खूप ऐकलंय, बहुतेक वेळा शॉप फ्लोअर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं ती जागा, लांबूनसुद्धा न बघितलेल्यांकडून. चालतात गं, चांगल्या चालतात, फक्त जशाच्या तशा उचलल्या की हसं होतं. माझं झालंय, सांगतो पुढे.

आधी ही पद्धत कुठली ते बघ, म्हणजे तुझ्या साहेबांना उत्तर देता येईल. १९४० मध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या मालाच्या ऑर्डरी धडाधड वाढत होत्या, पुढे अनुभवी लोक सैन्यात गेले आणि आयुष्यात कधी मशीनला हात न लावलेली माणसं कारखान्यात आली. त्यांना शिकवायचं कुणी, तर सुपरवायझरने, आणि सुपरवायझरला शिकवायचं कसं हेच माहीत नाही. मग पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी चार्ल्स अ‍ॅलनने वापरलेली चार पायऱ्यांची रीत त्यांनी घेतली: माणसाला तयार कर, काम दाखव, त्याच्याकडून करून घे, मग एकटं सोड पण येऊन बघत राहा. कोर्स किती तर दोन-दोन तासांची पाच सेशन, एका वेळी साधारण दहा जण, बस. १९४५ मध्ये कार्यक्रम बंद झाला तोवर साडेसोळा हजारांवर कारखान्यांतल्या सोळा लाखांहून जास्त लोकांना सर्टिफिकेट मिळालं होतं. युद्धानंतर हेच जपानला गेलं आणि टोयोटाने ते इतकं मुरवलं की आता लोकांना ते टोयोटाचंच वाटतं.

त्या कोर्सात एक गाठ शिकवायचे. दिव्याच्या वायरची गाठ, अगदी साधी. आधी ट्रेनर ती नुसती तोंडाने सांगायचा, वायर समोरच्याच्या हातात द्यायचा, जमायचं नाही. मग न बोलता नुसती बांधून दाखवायचा, तरी जमायचं नाही. मग चार पायऱ्यांनी शिकवली की जमायची. आता तुमच्याकडचं ट्रेनिंग आठव. पहिला दिवस स्लाइड्स, म्हणजे नुसतं सांगणं, दुसरा दिवस "जुन्या माणसाशेजारी बस आणि बघ", म्हणजे नुसतं दाखवणं. दोन्ही फसलेले प्रयोग आपण लागोपाठ करतो आणि नवीन पोरगं चुकलं की म्हणतो त्याचं लक्ष नव्हतं. त्या लोकांचं म्हणणं सरळ होतं, शिकणाऱ्याला आलं नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. हे वाक्य कडू आहे, मला पचायला दोनेक वर्षं लागली.

आता माझी फजिती. कारखाना सोडून मी एका हॉटेलात ट्रेनिंग बघायला लागलो तेव्हा डोक्यात एकच, सगळं स्टँडर्ड करायचं. रिसेप्शनसाठी चौदा ओळींचं स्क्रिप्ट लिहिलं, पाठ करून घेतलं, पहिली ओळ "प्रवास कसा झाला सर?". एक पाहुणा रूमवर गेला, किल्ली चालेना, बॅगा घेऊन घामाघूम परत खाली आला आणि आमच्या पोराने हसून विचारलं, प्रवास कसा झाला सर? तो माणूस काय बोलला ते लिहीत नाही. पोराची चूक काहीच नव्हती, मी शिकवलं तेच तो बोलला. कारखान्यात समोर लोखंड असतं, ते चिडत नाही, घाईत नसतं आणि पार्ट बिघडला तर बाजूच्या डब्यात जातो. आपल्याकडे गिऱ्हाईक त्या कामाच्या आतच उभं असतं, बिघडलेला पार्ट थेट त्याच्या हातात पडतो, डबा नाहीच.

म्हणून पद्धतीतली नेमकी कुठली गोष्ट उचलायची हा खरा प्रश्न. माझं मत, वाक्यं पाठ करून घेऊ नकोस, जॉब ब्रेकडाउन शीट घे. एका कागदावर तीन रकाने: मुख्य पायरी, की पॉइंट, आणि त्यामागचं कारण. की पॉइंट म्हणजे ज्याच्यावर काम जमणं-फसणं ठरतं, ज्याने इजा टळते, किंवा ज्याने काम सोपं होतं अशी हातोटी. बाकी काही लिहायचं नाही, कागद भरायचा म्हणून तर अजिबात नाही.

फोन होल्डवर ठेवणं हे एवढंसं काम घे. पायऱ्या चारच: कारण सांगणं, परवानगी विचारणं, होल्डवर टाकणं, परत येणं. परवानगीचा की पॉइंट, उत्तर येईपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही, कारण उत्तराआधीच होल्ड लागला तर विचारल्याचा उपयोग शून्य. परत येण्याचा की पॉइंट, जेवढी मिनिटं सांगितली त्याच्या आत यायचं, माहिती मिळालेली नसली तरी, कारण पलीकडच्याला फोन चालू आहे की कटला ते कळत नाही, तो ठेवून परत लावतो आणि दुसऱ्या माणसाकडे पहिल्यापासून सगळी कहाणी सुरू होते. बघ, यात एकही ठरलेलं वाक्य नाही. शब्द पोराचे स्वतःचे असू देत. कारणाचा रकाना भरलेला असला की अनोळखी प्रसंगातही तो काहीतरी बरं करतो, माझ्या त्या रिसेप्शनच्या पोराला "प्रवास कसा झाला" कशासाठी विचारायचं हे माहीत असतं तर त्याने बॅगांकडे बघून ते गिळलं असतं.

की पॉइंट गोळा करणं हे सगळ्यात चिवट काम. जुन्या माणसाला विचारलंस तर तो म्हणेल, काही नाही हो, सवयीने होतं, आणि ते खरंच असतं. तेव्हा विचारण्याआधी तीन-चार वेळा शेजारी उभं राहून नुसतं बघ. आमच्याकडे एक जुनी रिसेप्शनिस्ट होती, चिडलेला माणूस समोर आला की ती आधी पेन खाली ठेवायची. दरवेळी. का म्हणून विचारलं तर तिलाच नवल वाटलं, मग विचार करून म्हणाली, हातात पेन असलं की त्यांना वाटतं ही आता खरडून मला वाटेला लावणार. कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं हे.

शिकवताना तीनदा करून दाखव, एकदा फक्त पायऱ्या बोलत, मग की पॉइंट धरून, मग कारणं धरून. नंतर त्याच्याकडून करून घे, आधी गुपचूप, मग तसंच बोलत. हे कंटाळवाणं वाटेल, लोक हसतील, करून घे. आणि प्रॅक्टिस खऱ्या गिऱ्हाइकावर नको. फोनचं काम असेल तर दोघांना पाठीला पाठ लावून बसव म्हणजे चेहरा दिसणार नाही, आणि गिऱ्हाईक तू हो, कधी गडबडलेली, कधी अबोल, कधी उगाच गोड.

अजून एक, ब्रेकडाउन शीटने सगळं शिकवता येत नाही हे मान्य करून टाक. युद्धकाळात भिंगं घासणारे कारागीर कमी पडले, असा एक कारागीर तयार व्हायला वर्षं लागायची, तेव्हा त्या कार्यक्रमातल्या लोकांनी त्याच्या कामाचे तुकडे केले, सोपे तुकडे नवीन लोकांना दिले आणि खरी कसबाची कामं कारागिराकडे ठेवली. तूही तेच कर. नोंदणी, होल्ड, कॉल ट्रान्सफर, पावती हे पहिल्या आठवड्यात नवीन लोकांकडे. रागावलेलं गिऱ्हाईक, पैसे परत देण्याचा निर्णय, हे जुन्यांकडे, नवीन माणूस शेजारी बसून ऐकेल. आणि नवीन माणसाने न विचारता कुठपर्यंत ठरवायचं, कुठे हात वर करायचा, कुणाकडे, हे नावानिशी सांग. "कुणालाही विचार" म्हणजे कुणालाच नाही.

भिंतीवर एक तक्ता लाव, उभी आठ नावं, आडवी कामं, चौकटीत ते काम कुठल्या तारखेपर्यंत जमायला हवं ते. कुणी रजेवर गेलं की कुठे भोक पडतं ते लगेच दिसतं, आणि साहेबांनाही तक्ता आवडतो.

त्या कार्यक्रमात सुपरवायझरने माणसं कशी सांभाळायची आणि काम कसं सुधारायचं याचेही कोर्स होते, पण ते आत्ता नको, एकदम सगळं सुरू केलंस की काहीच धड होत नाही.

तर सोमवारपासून एकच काम निवड, शक्यतो असं की ज्यात रोज घोळ होतो. तीन रकाने पाड, अक्षर कसंही असू दे, आणि कारणाच्या रकान्यात जिथे "नियम आहे म्हणून" लिहावंसं वाटेल तिथे थांबून मला फोन कर. पहिल्या कागदाचा फोटो पाठव, मी लाल पेन घेऊन बसलोय.

तुझा,
जुना सुपरवायझर