जिओ-एअरटेल असताना भारतनेटवर सरकारने एवढा खर्च का करावा?

तुम्ही विचारलंय, की खासगी कंपन्यांचं नेट गावोगाव पोचलेलं असताना सरकारने भारतनेटवर, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट नेण्याच्या केंद्राच्या योजनेवर, पैसा का घालावा. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, तेव्हा रोज जे बघतो त्यावरून सांगतो. फायबर सरकारनेच टाकायला हवी. फक्त ती टाकण्याइतकाच ती चालू ठेवण्याचाही खर्च धरायला हवा, आणि तिथेच आपण बरीच वर्षं कमी पडलो.

कंपनी चर खणण्याआधी गिऱ्हाईक मोजते. डोंगरातल्या चाळीस उंबऱ्यांच्या वाडीसाठी दहा किलोमीटर चर मारणं तिला परवडत नाही, यात तिचा दोषही नाही. मोबाइलचं म्हणाल, तर टॉवरला मागून फायबर नसेल तर रेंज पूर्ण दिसते, पण संध्याकाळी सगळे एकदम नेटवर आले की पान उघडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते आणि पोरं माझ्या दारात ताटकळत बसतात. म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातून ५ टक्के आकारणी घेऊन अशा तोट्यातल्या भागांसाठी वेगळा निधी केलेला आहे. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे पैसा शेवटी आपल्या रिचार्जमधलाच.

२०११ मध्ये या योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज होता सुमारे २०,००० कोटींचा, अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी. पहिल्या एक लाख पंचायती व्हायलाच २०१७ चा डिसेंबर उजाडला. जाळं तालुक्यापासून एका सरळ रेषेत नेलेलं होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने एका जागी केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. पंचायतीच्या कपाटातलं, फायबरला जोडलेलं यंत्र वीज गेली की बंद, आणि कुलूप असेल तर बघायलाही कुणी नाही. कागदावर मात्र ती पंचायत ‘सर्व्हिस रेडी’, म्हणजे सेवेला तयार!

२०२३ च्या सुधारित योजनेचा आकडा सुमारे १.३९ लाख कोटी आहे. ऐकून छाती दडपते, पण त्यात जाळं वर्तुळाकार करणं आणि १० वर्षांची देखभाल धरलेली आहे. एका बाजूने तुटलं तर दुसरीकडून चालू राहतं. हा खर्च मला पटतो.

काटकसर कुठे करू नये हे ऑस्ट्रेलियाकडून कळतं. तिथे २००९ मध्ये सरकारने सुमारे ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर न्यायचं ठरवलं. २०१३ नंतरच्या सरकारने पैसे वाचवायला बऱ्याच ठिकाणी जुन्या तांब्याच्या तारा वापरल्या, आणि २०२० पासून त्याच जागी पुन्हा फायबर टाकणं सुरू झालं.

माझा आग्रह एकच आहे. किती किलोमीटर केबल पुरली हे मोजू नका, आज किती घरांत आणि शाळांत नेट चालू आहे ते मोजा. तुमच्या पंचायतीतलं यंत्र चालू आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.