वाचकांचे प्रश्न : खाली आणलेल्या पिकअपचा मागचा ॲक्सल

प्रश्न : अमेरिकेत माझ्याकडे १९७० चा शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) बसवून तो खाली आणल्यापासून, म्हणजे त्याची उंची कमी केल्यापासून, महामार्गावरच्या वेगात हादरे जाणवतात आणि मागची चाके एका बाजूला सरकलेली दिसतात. काय करावे?

उत्तर : या गाडीचा मागचा ॲक्सल (चाकांचा आस) लांब ट्रेलिंग आर्मना, म्हणजे चौकटीपासून मागे ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यांना, घट्ट जखडलेला असल्यामुळे गाडी खाली येताच तोही आर्मबरोबर फिरतो, पिनियनचे (ॲक्सलच्या पुढच्या बाजूने शक्ती आत घेणाऱ्या गिअरचे) तोंड जमिनीकडे झुकते आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (कोनातही फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन जुळेनासे होतात, हादऱ्यांचे मूळ बहुधा येथेच असते. कोन मोजताना गाडी चाकांवर उभी असावी आणि सस्पेन्शनमध्ये हवा नेहमी चालवता तेवढीच भरलेली असावी. हवा सोडून जमिनीला टेकवलेल्या, केवळ मिरवण्याच्या स्थितीतले मोजमाप निरुपयोगी ठरते. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागच्या बाजूस ३ अंश खाली झुकत असेल, तर पिनियन पुढच्या बाजूस तितकाच वर हवा, आणि त्यासाठी आर्म व ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर बसवावी. शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास मधल्या बेअरिंगची उंचीही तपासावी.

चाके सरकतात ती मूळच्या आखूड पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून त्याला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्यामुळे). लांबी कमीजास्त करता येणारा, अधिक लांब रॉड घ्यावा आणि चालवण्याच्या उंचीवर तो शक्यतो आडवा राहील असा बसवावा.