‘कागद ठेवायला दिलेत’

मुलुंड पूर्वेहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. वय ४९, अंधेरीच्या कंपनीत खरेदी विभागात पंचवीस वर्षं, हातात महिना १ लाख ३० हजार. दरवर्षी सुट्टी टाकून वारी करतात. आता सुट्टी नको, नोकरीच सोडायची. आळंदीत खोली घेऊन ज्ञानेश्वरीच्या पाठाला बसायचं, कीर्तन शिकायचं. पत्नी सोबत येणार, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. राजीनामा आषाढात. विचारलंय एवढंच: पीएफ, ग्रॅच्युइटी, एफडी मिळून ५४ लाख होतात, कुठे ठेवले तर महिना ५० हजार सुटतील?

त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. ५४ लाखांतून महिना ५० हजार म्हणजे वर्षाला ११ टक्के. कुठेच नाही. ‘फंडातून १२ टक्के काढत राहा, मुद्दल जागच्या जागी’ असं सांगणाऱ्याला विचारा, तू स्वतः असे किती वर्षं काढतोयस? पैसे पस्तीस-चाळीस वर्षं पुरवायचे तर वर्षाला ४ टक्क्यांच्या वर हात घालू नका. मुलीसाठी १० लाख बाजूला काढा. उरलेल्या ४४ लाखांतून महिना साधारण १५ हजार. मुलुंडच्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं तुम्ही ५० हजार धरलंत. मेंटेनन्स, दलाली आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना वजा करून मी ४० धरतो. झाले ५५. आळंदीतला खर्च तुम्ही ४५ लिहिलाय, मेडिक्लेमसकट ५० समजू. काठोकाठ आहे, पण बसतं.

पेन्शनचे १५ हजार मी खोडले. ईपीएसचा, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचा हिशोब १५ हजारांच्या पगारमर्यादेवर होतो. तुम्हाला चारेक हजार मिळतील, तेही ५८व्या वर्षी. ‘दुसऱ्या वर्षापासून कीर्तनाची बिदागी १० हजार’ हेही खोडलं. जिथे कीर्तन करावं तिथे जेवूही नये म्हणतात, त्या वाटेला निघालात आणि तिचंच उत्पन्न मांडताय?

आता तिसरं पान. तळाशी, पॉलिसींच्या यादीनंतर, बारीक अक्षरात: ‘मेहुण्याच्या कर्जाला मी आणि पत्नीने सही केली आहे, फ्लॅटचे कागद त्याच्या बँकेत ठेवायला दिलेत. हप्ते तो भरतो म्हणून हिशोबात धरलेलं नाही.’

अहो, बँकेत कागद कोणी ‘ठेवायला’ देत नाही. कर्जाला तारण म्हणून मूळ कागद बँकेच्या हवाली केले की गहाण झालं. त्याला रजिस्टर केलेलं गहाणखत लागत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही सोय आहे आणि मुंबईचं नाव त्यात पहिल्यापासून आहे. त्यावर तुमची जामीनदाराची सही. करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी मेहुण्याच्या अंबरनाथच्या युनिटमधली मशिनं विकली जातील, मग बँक तुमच्याकडे येईल, हा भ्रम आहे. हप्ते ९० दिवसांवर थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि दिवाणी दावा न लावता ताब्याची कारवाई. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच-सहा महिने. तेव्हा तुम्ही इंद्रायणीकाठी आणि दारात तुमचा भाडेकरू.

आणि वरच्या ५५ हजारांतले ४० त्याच फ्लॅटचे आहेत. ते गेले की हातात १५. तारण ठेवलेलं घर बँकेला न विचारता भाड्याने देता येतं का, हेही करारात बघावं लागेल.

तुकोबांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार! पण माझ्या धंद्याच्या नजरेने बघा. त्यांनी इंद्रायणीत सोडली ती कर्जखतं लोकांकडून येणं असलेली होती. देणं नव्हतं बुडवलं. आणि त्याआधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं मोजून त्याच्या हातात दिली, असं सांगतात. तुमच्या फ्लॅटमध्ये अर्धा वाटा वहिनींचा आहे, कर्ज त्यांच्या भावाचं आहे, आणि चार पानांत त्यांचं म्हणणं म्हणून फक्त ‘तिची तयारी आहे’ एवढे तीन शब्द.

तेव्हा आधी वहिनींशी बोला, मग दोघं मिळून मेहुण्याकडे जा. बँकेचं मंजुरीपत्र, आजची बाकी आणि तुम्ही सह्या केलेल्या कागदांच्या प्रती मागा. तुम्ही लिहिता ४० लाखांचं मुदत कर्ज आणि १५ लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं काढायचं-भरायचं कर्ज. कॅश क्रेडिटची हमी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते, पण बँकेच्या छापील फॉर्ममध्ये ही वाट अनेकदा बंद केलेली असते, वकिलाला दाखवा. मुदत कर्जातून सुटायचं तर मेहुण्याने दुसरं तारण द्यायला हवं आणि बँकेने ते मान्य करायला हवं. तो म्हणेल, ‘दाजी, माझ्यावर विश्वास नाही का?’ विश्वास आहे म्हणा, आणि कागद मागा. पूर्ण कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, पण तो व्यक्तिगत कर्जांसाठी. मेहुण्याच्या धंद्याच्या कर्जाला तो लागू होतो का, हे बँकेला विचारा.

एक गॅरंटी दिलीत, दुसरी विकत घेतलीत. वर्षाला दीड लाखाची ती ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसी: तीन हप्ते गेले, नऊ बाकी, म्हणजे साडेतेरा लाख. नोकरी सोडणार हे एजंटला माहीत होतं म्हणता, तरी त्याने बारा वर्षांचा हप्ता गळ्यात मारला! परतावा पाच-सहा टक्क्यांचा. आज मोडली तर भरलेल्या साडेचार लाखांतले किमान दीडेक लाख मिळतील. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हे कंपनीकडून लेखी घ्या, मग दोन्हींतलं एक निवडा. चौथा हप्ता मात्र भरू नका.

मेडिक्लेम आजच घ्या. तुम्हाला मधुमेह आहे, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ऑफिसचं कव्हर शेवटच्या दिवशी संपतं. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला राजीनाम्याआधी विचारा, नंतर नाही.

राजीनामा टाइप करून ठेवलाय म्हणता. राहू दे, फक्त तारीख कोरी ठेवा. आषाढीला नेहमीसारखी सुट्टी टाका. आळंदीची यात्रा तशीही कार्तिक वद्यात असते. तोवर कागद सुटले तर तेव्हाची तारीख घाला, नाही सुटले तर पुढल्या कार्तिकाची.