पेट्रोलचा प्रेशर वॉशर, जांभ्याच्या पायऱ्या आणि शेवाळ: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की आमच्याकडे दरवर्षी शेवाळाची पत्रं यायला लागतात, यंदा त्यात बऱ्याच जणांनी पेट्रोलवर चालणाऱ्या प्रेशर वॉशरबद्दल, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणाऱ्या मशीनबद्दल, विचारलंय. मी इंजिनं दुरुस्त करतो, ग्रास कटर, पॉवर टिलर, पाण्याचे पंप, आणि हल्ली हे वॉशरही टेबलावर येतात, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहितो.

प्रश्न (गुहागर): अमेरिकेतला भाचा म्हणतो मामा, गॅस पॉवर्ड वॉशर घे. आपल्या सिलिंडरवर चालतो का तो? आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून विचारतो.

उत्तर: नाही हो काका, सिलिंडरचा काही संबंध नाही. तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, गॅसोलीनचं तोडून गॅस झालंय. म्हणजे भाचा सांगतोय ते पेट्रोल इंजिनवालं मशीन, दोरी ओढून चालू होणारं, साधारण २०० सीसीचं. आता फरक सांगतो. घरगुती विजेवरचा वॉशर १०० ते १४० बारपर्यंत प्रेशर देतो आणि मिनिटाला ६-७ लिटर पाणी टाकतो, पेट्रोलवाला १७० ते २०० बार आणि ८ ते १० लिटर. दुकानात सगळे प्रेशरचाच आकडा विचारतात पण माझं म्हणणं लिटरचा आकडा आधी बघा, कारण प्रेशरने चिकटलेला मळ सुटतो पण तो वाहून न्यायला पाणीच लागतं, आणि मोठं अंगण धुताना तुमचा वेळ वाचतो तो त्या पाण्यामुळे. फक्त गाडी आणि गॅलरी धुवायची असेल तर विजेवरचाच घ्या, हलका आहे, आवाज कमी, कटकट नाही. लांबलचक पाखाडी, गोठा, ट्रॉली, चिऱ्याचा गडगा असं काही असेल आणि लाईट सारखी जात असेल तरच पेट्रोलचा घ्या. पूर्ण लोडवर तासाला दीड ते पावणेदोन लिटर पेट्रोल जातं हे धरून चाला. आणि वर्षातून दोनदाच लागणार असेल तर वाडीत तीन-चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो, फक्त ऑईल कोण बघणार ते आधी ठरवा.

प्रश्न (राजापूर): जांभ्याच्या जुन्या पायऱ्या आहेत, सासऱ्यांनी बांधलेल्या. मुलाने वॉशर मारला, शेवाळ गेलं पण चिऱ्यावर रेघा उठल्यात आणि सांध्यातला चुना निघाला. मशीन खराब आहे का?

उत्तर: ताई, मशीन चांगलं आहे, नोझल, म्हणजे गनच्या टोकाला लावायची तोटी, चुकलंय. असा एक चिरा मी जवळून बघितलाय, बोट फिरवलं तर पेन्सिल बसेल एवढी खाच लागत होती आणि खाली लाल पाण्यात चिऱ्याचाच चुरा साचला होता, लोकांना वाटतं माती निघतेय. जांभा मुळात सच्छिद्र, त्याच्या भोकांत मऊ पिवळट माती असते, बारीक धार लागली की आधी ती माती उडते मग कडा तुटायला लागतात.

नोझलचे रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे शून्य अंश, पाण्याची सरळ सुई, तो घरात कुठेच वापरू नका, मी तर गिऱ्हाईकाला तो काढूनच ठेवायला सांगतो. पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. जांभ्याला पांढराच लावायचा. सुरुवात दोन फुटांवरून करा, शेवाळ हलत नसेल तर हळूहळू एक फुटापर्यंत या, त्याच्या आत जाऊ नका. धार तिरकी धरा आणि हात चालता ठेवा, एका जागी थांबलात की तिथे खाच पडलीच. आधी जिन्याच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी वीतभर मारून बघा.

खरं सांगू का, शेवाळाला एवढ्या जोराची गरजच नसते. आदल्या दिवशी संध्याकाळी पायऱ्या भिजवून ठेवा, सकाळी खराट्याने घासा, वरचा बुळबुळीत थर तिथेच सुटतो आणि मग वॉशरने फक्त धुवायचं राहतं, अर्ध्या वेळात काम होतं आणि चिरा शाबूत राहतो. ब्लिचिंग पावडर टाकणार असाल तर तुळशीपासून लांब, आणि संडास धुवायचं ॲसिड त्याच्यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, जीवावर बेततं. ब्लिचचं पाणी वॉशरच्या पंपातूनही सोडू नका, आतले सील खराब होतात. सांधे मात्र पुन्हा भरून घ्यावे लागतील, जुना चुना असेल तर चुन्यानेच भरा, सिमेंट त्या मऊ चिऱ्याला फार कडक पडतं. आणि मागचं शेणाने सारवलेलं खळं असेल तर तिकडे पाईप नेऊच नका, सगळं सारवण वाहून जाईल.

मुलाला अजून एक सांगा, पायात बूट हवेत, चपला नाहीत. ही धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, रक्तही फारसं येत नाही, पण आत पाणी आणि घाण लांबवर पसरलेली असते. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि प्रेशर वॉशरची धार लागली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

प्रश्न (सांगली): जमिनीतली पाण्याची टाकी धुवायची आहे. मशीन टाकीच्या झाकणाशी ठेवून पाईप आत सोडला तर चालेल ना? आतमध्ये माणूस उतरेल.

उत्तर: नाही चालणार. हे पत्र वाचून मी काम बाजूला ठेवलं. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीने जास्त घट्ट धरून ठेवतं. तो टाकीत साचला की आतल्या माणसाला आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, त्याला वाटतं दमलो म्हणून होतंय, आणि वर चढायची ताकदच उरत नाही. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. बंद टाकीत नुसता ऑक्सिजन कमी असूनही माणसं गेलीत, त्यात इंजिनचा धूर नकोच. गॅरेज, पडवी, गोठा, तळघर, कुठेही छताखाली हे इंजिन चालवू नका, खिडकी उघडी आहे म्हणूनही नाही. टाकीसाठी पाणी उपसून वरूनच लांब दांड्याचा ब्रश मारा, नाहीतर टाक्या धुणारी माणसं बोलवा ज्यांच्याकडे हवा खेळवायचा पंखा आणि दोर असतो, आणि त्यांच्याकडे विजेचं मशीन आहे ना ते विचारा.

प्रश्न (फोंडा, गोवा): मे महिन्यात मशीन ठेवलं, आता चालूच होत नाही. दोरी ओढून हात दुखला. दुकानदार म्हणतो पेट्रोलमध्ये टूटी ऑईल मिसळा.

उत्तर: अजिबात मिसळू नका. टूटी ऑईल ग्रास कटरसारख्या टू स्ट्रोकला, हे फोर स्ट्रोक आहे, याचं ऑईल वेगळं खाली भरायचं असतं, बहुतेक मशीनला १०डब्ल्यू-३०, साधारण ०.६ लिटर. आधी तेच बघा, कारण ऑईल कमी असेल किंवा मशीन तिरकं उभं असेल तर काही इंजिनांचा सेन्सर स्पार्कच देत नाही आणि माणूस उगाच दोरी ओढत बसतो.

ऑईल बरोबर असेल तर मग जुनं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल खेचतं, तुमच्याकडच्या पावसात चार महिने ते कार्बोरेटरमध्ये बसलं की खालच्या वाटीत चिकट थर धरतो, उघडल्यावर जुन्या व्हार्निशसारखा वास येतो. टाकीतलं सगळं काढा, वाटी खोलून धुवा, मधल्या जेटच्या भोकात केबलमधली तांब्याची एक बारीक तार फिरवा, स्टीलची पिन घालू नका, भोक मोठं होतं. पुढच्या वेळी ठेवताना पाणी चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नवीन घेणाऱ्यांनी पुस्तकात किती टक्के इथेनॉल चालतं ते बघा, बऱ्याच छोट्या इंजिनांना १० पर्यंतच लिहिलेलं असतं.

दोरी जड जात असेल तर पंपात प्रेशर अडकलंय. आधी पाणी सोडा, गनचा ट्रिगर दाबून हवा जाऊन सरळ पाणी येईपर्यंत धरा, मग चोक, मग दोरी.

प्रश्न (देवरुख): गच्चीवरच्या टाकीचं पाणी लावलं तर धार तुटक येते, पाईप उडतो.

उत्तर: पाणी पुरत नाहीये. २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा, दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे, दीड मिनिटात भरली तर उत्तम. नसेल भरत तर टाकीपासून जाड पाईप आणा आणि इनलेटची जाळी काढून धुवा, तिच्यात रेती नक्की सापडेल. तसंच चालवलंत तर पंप आतून खाल्ला जातो. आणि ट्रिगर सोडून इंजिन चालू ठेवत गप्पा मारत उभं राहू नका, पंपात तेच पाणी फिरून तापतं, दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा.

प्रश्न (महाड): घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, काळे पडलेत. वॉशर मारू का?

उत्तर: नको. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, प्रेशरने त्याचे तंतू सुटतात आणि वाळले की हवेत उडून फुफ्फुसात जातात. ब्रशनेही घासू नका. काळे दिसतात तर दिसू देत, फुटलेला पत्रा असेल तेव्हा तो अख्खाच भिजवून, न तोडता खाली उतरवायला सांगा.